साळूबाईच्या दारातल्या नको त्या वाटा

एका जंगलात, बाळांनो, काटे फार होते. बाभळीचे, बोरीचे, करवंदीचे, हिवराचे. त्यामुळे तिथे प्रत्येकाच्या पायात कधी ना कधी काटा रुतायचाच. तो काढायचं काम साळूबाई करायची.

साळूबाई म्हणजे साळिंदर. हो, जिच्या स्वतःच्या अंगभर काटे असतात ना, तीच. हसू नका. काट्यातलं तिच्याइतकं कोणाला कळणार? तिचा हात इतका हलका होता, की वाघसुद्धा डोळे मिटून पंजा पुढे करायचा.

आता समजा, जंगलात कोणी नवखा आला आणि त्याला काटा रुतला. त्याने जायचं कुठे? त्यासाठी घारआत्या होती. ती दिवसभर वर घिरट्या घालायची. वरून तिला सगळ्या पायवाटा दिसायच्या. ज्या दाराशी जास्त वाटा येतात तिथलं काम चांगलं असणार, असं तिचं साधं गणित. खालून कोणी विचारलं, "आत्या, काटा काढायला कुठे जाऊ?" की ती नावं सांगायची. पहिलं नाव साळूबाईचं. दुसरं वानरबुवा मर्कट्यांचं. तिसरं नाव ऐकायला कोणी थांबत नसे.

तुमच्याकडे इंटरनेटवर एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या अशा वाटांना बॅकलिंक म्हणतात. त्या जंगलात इंग्रजी शाळा नव्हती, म्हणून नुसतं पायवाट म्हणत.

मर्कट्यांना दुसरं नाव फार झोंबायचं. काटा नीट काढायला शिकावं, हा एक मार्ग होता. पण त्यात वेळ जातो. म्हणून त्यांनी घुशींना गाठलं आणि पिकलेल्या उंबरांच्या बोलीवर एक काम सांगितलं.

एका सकाळी साळूबाई दार झाडायला आली आणि बघते तर काय, अंगणात चाळीस नव्या वाटा! एक तरसाच्या जुगाराच्या अड्ड्यावरून आलेली. एक मर्दानगीची मुळी विकणाऱ्या घोरपडीच्या बिळातून. एक तर जिथे चोरीची अंडी विकतात तिथून.

"घात झाला, बाई!" कुंपणावरून आवाज आला.

तो सरडोजी होता. सरडोजी सल्लागार होता. कशाचा, ते तो समोरच्याची अडचण ऐकून ठरवायचा.

"या विषारी वाटा आहेत, टॉक्सिक! घारआत्याने बघितल्या की तुमचं नाव गेलंच म्हणून समजा."

"अहो, पण मी नाही पाडल्या या!"

"ते आत्याला काय माहीत? ती म्हणणार, जिच्याकडे जुगारी येतात ती बाई कसली?"

चौदा वर्षांत साळूबाईकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं.

"मी आत्याला विचारूनच येते."

"छे छे! विचारलंत तर उलट संशय येईल. माझं ऐका, पानं ठेवा."

त्या जंगलात एक रीत होती. नको असलेल्या वाटेच्या तोंडाशी पळसाचं पान पालथं घालून वर खडा ठेवायचा. याचा अर्थ, या वाटेशी आमचा संबंध नाही. आत्या मग ती वाट सोडून द्यायची.

साळूबाईने चाळीस पानं ठेवली. दुसऱ्या दिवशी घुशींनी आणखी चाळीस वाटा पाडल्या. तिने आणखी चाळीस ठेवली. सरडोजी कुंपणावर बसून मान वरखाली करत होता. त्याला तो रिपोर्ट म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आता जुन्या वाटा बघू. ऑडिट करावंच लागेल."

"ही रानडुकरांची."

"चिखल आहे. ठेवा पान."

"हरणांची?"

"अड्ड्याजवळून जाते. ठेवा."

"शेणकिड्यांची?"

सरडोजीने नुसतं नाक दाबलं.

"मोरांची तरी?"

"फारच सुंदर आहे. इतकी सुंदर वाट विकत घेतल्यासारखी वाटते. ठेवा."

शेवटी एकच वाट उरली. साळूबाई तिच्यापुढे आडवी उभी राहिली.

"ही दगडोबा अस्वलाची. ही राहू द्या हो. माझा पहिला पेशंट आहे तो."

"मोहाच्या झाडाखालून येते ना? दारूचा वास मारतोय, बाई. भावनेच्या भरात ऑडिट होत नसतं."

साळूबाईने त्यातल्या त्यात लहान पान शोधून ठेवलं.

त्याच दुपारी दगडोबा लंगडत आला. बाभळीचा लांब काटा तळव्यात शिरला होता. वाटेच्या तोंडाशी पान दिसलं. त्याने वाकून बघितलं, हुंगलं, पुन्हा बघितलं.

"बाई," त्याने दाराकडे बघत विचारलं, "आमचं काही चुकलं का?"

साळूबाई दाराआडच होती. नाकारलेल्यांशी एकवीस दिवस बोलायचं नाही, असं सरडोजीने बजावलं होतं. तिने तोंडावर हात दाबून धरला. दगडोबा ते पान होतं तसं नीट ठेवून लंगडत परत गेला. साळूबाईला रडू फुटलं. तिला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्यानंतर तिच्याकडे कोणीच आलं नाही. आठ दिवस तिने रिकामं अंगण झाडलं. नवव्या दिवशी मात्र ती कोणाला न विचारता टेकडी चढली आणि घारआत्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आत्या, त्या घाणेरड्या वाटांमुळे माझं नाव गेलं ना?"

"कुठल्या गं?"

"अड्ड्यावरून आलेल्या, घोरपडीकडून आलेल्या."

"त्या होय! त्यांच्यावर एक तरी पाऊल उमटलंय का? घुशींनी उकरलेलं मला कळत नाही होय? इतकी वर्षं काय डोळे मिटून उडतेय मी? त्या मी मोजल्याच नव्हत्या."

"मग माझं नाव?"

"पहिलंच होतं की! मग तू डुकरांच्या वाटेवर पान ठेवलंस, हरणांच्या ठेवलंस, मोरांच्या ठेवलंस. मला वाटलं, बाईने दवाखाना बंद केला. मालकीणच नको म्हणते, तिथे मी कोण मोजणार?"

"आणि पानं उचलली तर?"

"उचल की. पण एकदा सोडलेल्या वाटेकडे मी रोज बघत नाही; सगळं रान नव्याने बघायला निघेन, तेव्हाच दिसेल मला. होळीच्या सुमाराला."

अजून दसराही व्हायचा होता.

साळूबाई तशीच उतरली. घरी गेली नाही, थेट दगडोबाच्या गुहेत गेली. त्याचा पाय सुजून टम्म झाला होता. मर्कट्यांनी अर्धा काटा काढला होता आणि उरलेल्यासाठी पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं. साळूबाईने पाय मांडीवर घेतला आणि उरलेला काटा अलगद काढला.

"का ठेवलंत हो पान?" दगडोबाने विचारलं.

"भ्याले. लोक काय म्हणतील, याला भ्याले."

"मोहाच्या वासाचं सांगितलं असतंत, तर पाय धुऊन आलो असतो."

साळूबाईने त्याच्या पायाला पाला बांधला आणि घरी येऊन एकूण एक पान उचललं. दगडोबाने डुकरांना सांगितलं, डुकरांनी हरणांना. हळूहळू सगळे आत्याला न विचारताच यायला लागले. आत्या मात्र नवख्यांना अजून मर्कट्यांचंच नाव सांगत होती.

आणि सरडोजी? त्याने वडाच्या बुंध्यावर फलक लावला: 'साळूबाईंच्या दवाखान्यात पुन्हा रांगा! आमच्या ऑडिटचा गुण!'

मर्कट्यांनी तो फलक दोनदा वाचला. त्याच संध्याकाळी त्यांनी सरडोजीला बोलावणं धाडलं. त्यांच्याही दारात म्हणे एक-दोन वाटा जरा संशयास्पद होत्या.

तात्पर्य: शत्रू एकटा आपलं नुकसान करू शकत नाही. त्याची अडचण ओळखून प्रत्येकाने वेळीच एक चांगला सल्लागार नेमावा.