बोटीची इरजिक

अंबडच्या भंगारवाल्याकडून आणलेली जुनी बोट मल्हारीने ट्रॉलीतून अंगणात उतरवली, तेव्हा साखराबाई भाकरी थापत होत्या. त्या पिठाच्या हातानेच बाहेर आल्या, बोटीभोवती एक चक्कर मारली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "ह्याच्यात बसून मी माहेरी यायची न्हाई."

"अगं, पुराच्या टायमाला माणसं काढायची बोट हाय ही. बिलकुल मजबूत!"

"मंग पुरातच काढा. लग्नात कशाला? किती पोपडे निघून राह्यलेत बघा तिचे."

साखराबाईंचं माहेर गोदावरीच्या पलीकडे, बीड जिल्ह्यात, अगदी समोर दिसे. पण बंधाऱ्याचं पाणी तुंबल्यापासून नदी पायी ओलांडता येत नव्हती आणि पुलावरून जायचं तर पन्नास किलोमीटरचा फेरा. मागच्या तीन कार्यांना मल्हारी अक्षता पडून गेल्यावर पोचला होता. म्हणून शालूच्या साखरपुड्याला तिच्या बापाने, म्हणजे साखराबाईंच्या धाकट्या भावाने, बिभीषणने, भर पंगतीत विचारलं होतं, "दाजी, लग्नाला तरी टायमावर येता, का फोटोतच बघता?"

सगळी पंगत हसली. मल्हारीने हातातली जिलेबी ताटात ठेवली आणि सांगून टाकलं, "लग्नाला बोटीत येतो. सकाळी नऊला घाटावर उभं राहून बघा."

बोललेला शब्द परत गिळता येत नाही. लग्न येत्या रविवारी होतं. त्या दिवशी बोट गेली नसती, तर सासुरवाडीत मल्हारीला जन्मभर मान वर करता आली नसती.

तो काचकागद घेऊन रंग खरवडायला बसला. तीन दिवस घासून एका भाकरीएवढी जागा मोकळी झाली. चौथ्या दिवशी मच्छिंद्र पेंटर आला. ट्रॉल्यांवर मोर काढणारा आणि पोळ्याला बैलांची शिंगं रंगवणारा हा पंचक्रोशीतला एकमेव कलावंत. त्याने बोटीवर टिचकी मारली.

"मामा, जुना रंग पुरा निघाल्याबिगर मी ब्रश लावायचा न्हाई. कॉस्टिक सोडा ओता. घंट्यात साफ!"

"सोडा?" साखराबाई चुलीपुढून ओरडल्या. "आमच्या जर्मनच्या भगुन्यात एकदा सोडा टाकून कपडे उकळले व्हते. काळंठिक्कर पडलं अन् बुडाला भोक गेलं."

आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं म्हणतात. का म्हणतात ते विचारायला कुणाला सवड नाही. एवढं बोलून साखराबाई थांबल्या, बाहेर आल्या आणि भाकरीएवढ्या उघड्या जागेवर त्यांनी नख ओढून पाहिलं.

"आवो, मंग हे जर्मनच हाय की! मोठं भगुनं हाय हे. त्याला तुम्ही बापे लोकं कागदानं घासून राह्यले व्हय?"

त्या क्षणी बोट मल्हारीच्या हातातून गेली. साखराबाईंनी शुक्रवारी इरजिक घातली. इरजिक म्हणजे ज्याचं काम अडलं त्याच्या शेतात सगळ्यांनी एक दिवस राबायचं आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. आजवर ती निंदणीला होत असे, काढणीला होत असे. बोटीची इरजिक हा गावाच्या इतिहासातला पहिलाच प्रसंग होता.

सकाळी सातला द्वारकाबाई आपल्या निंदणीच्या बावीस बायका घेऊन हजर झाल्या. प्रत्येकीच्या हातात खुरपं. बोट पालथी घातलेली होती. द्वारकाबाईंनी तिच्याकडे वावराकडे बघावं तसं बघितलं आणि हुकूम सोडला, "चला गं, पात धरा! अकरा जणी इकून, अकरा तिकून. मागं तण ठेवायचं न्हाई!"

खुरपी चालू झाली. नारिंगी रंगाखाली निळा निघाला आणि त्यावर नाव उमटलं, 'जलराणी'. निळ्याखाली हिरवा निघाला. त्यावर लिहिलं होतं, 'हात लावू नये'. बायकांनी हात क्षणभर मागे घेतले. हिरव्याखाली राखाडी, आणि त्यावर नुसता सातचा आकडा. बघायला जमलेली माणसं आता जवळ सरकली होती. बोट कुणाची होती, कुठल्या पाण्यात होती, कोण कोण हिच्यात बसून पार झालं, काहीच कळायला मार्ग नव्हता.

"किती पाणी पाह्यलं आसंल माय हिनं," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या आणि पुन्हा खुरप्याला लागल्या.

रंग दुपारी संपला, पण बायका थांबल्या नाहीत. भांडं खरवडून तसंच ठेवायची रीत त्यांच्यात नव्हती. राख आली, विटकरीचा चुरा आला, काथ्या आला. दिवस कलताना द्वारकाबाईंनी शेवटच्या दोन घागरी ओतल्या आणि सगळ्या मागे सरकल्या.

अंगणात चांदी पडल्यासारखं झालं होतं. उन्हाचा कवडसा बोटीवरून उठून समोरच्या भिंतीवर, लिंबाच्या शेंड्यावर, माणसांच्या गळ्यांवर हलत होता. बावीस बायका आपण काय केलं ते बघत उभ्या राहिल्या. द्वारकाबाईंनी बोटीत बघून आपलं कुंकू नीट केलं. मल्हारीने वाकून बघितलं, तर आतून एक मिशीवाला माणूस त्याच्याइतकाच थक्क होऊन बघत होता.

मच्छिंद्र तेवढा हिरमुसला. "मामा, लई गुळगुळीत झाली. रंगाला धरायला खरखरीत लागतं. जरा कागद मारून वरखडे पाडावे लागतील."

"आम्ही घासलेल्या भांड्याला वरखडे?" द्वारकाबाईंनी खुरपं उचललं, तसा मच्छिंद्रने विषय सोडला.

"आशीच नेली तर?" मल्हारीने भीत भीत विचारलं.

"जर्मन घेऊन जायचं माहेरी?" साखराबाई कडाडल्या. "कितीबी घासलं तरी जर्मनच ना ते! भावजयीच्या घरी पितळंची मांडणी हाय. न्हाई, निळा रंग द्या अन् दोन्हीकून मोर काढा. मंगच बसंल मी."

शनिवारी रंग लागला. मोर असे उतरले, की मच्छिंद्रचं त्यालाच कौतुक वाटलं. रात्री दव पडलं. रविवारी पहाटे रंग वरून वाळलेला आणि आतून ओला होता, पण हे बोटीला माहीत, मल्हारीला नाही.

पावणेनऊला बोट पाण्यात गेली. वल्ह्यावर मल्हारी, पुढे हिरव्या शालूत साखराबाई, शेजारी मानाच्या पाहुण्या म्हणून द्वारकाबाई, आणि मागे आपली कला मिरवायला मच्छिंद्र. पलीकडे घाट माणसांनी फुलला होता. बोट दिसताच बँड सुरू झाला. मल्हारीची छाती फुगली.

नदीच्या मध्यावर द्वारकाबाईंनी गंमत म्हणून पाण्यात हात घातला आणि वर काढला, तर हाताला लांबलचक निळी साल चिकटली होती.

"साखराबाई, तुमच्या मोराचं शेपूट चाललं बघा."

शेपटामागून मोर गेला. मग निळ्या रंगाच्या चादरी सुटून मागे तरंगू लागल्या. मच्छिंद्र आभाळाकडे बघू लागला. साखराबाईंनी तोंडावर पदर ओढला. "लोकं हसतील हो मला!"

"थांब, मागं फिरवतो," म्हणून मल्हारीने जोरात वल्हं मारलं. बोट आडवी झाली, पाण्याचा सपकारा बसला आणि उरलासुरला रंगही एकदम सुटला. सापाने कात टाकावी तशी बोट त्यातून बाहेर आली आणि तिच्यावर सकाळचं ऊन पडलं.

बँड मधेच बंद पडला. घाटावरच्या माणसांनी डोळ्यांवर हात घेतले. बोटीवरचा उजेड पायऱ्यांवर चढला, देवळाच्या कळसापर्यंत गेला, नवरीच्या मुंडावळ्यांवर थरथरला. म्हाताऱ्या बायकांनी हात जोडले. मल्हारी वल्हवायचं विसरला होता. बोट आपोआप घाटाला लागली.

बिभीषण नव्या धोतरानिशी गुडघाभर पाण्यात आला. बोटीवरून त्याने हात फिरवला. एकदा, दोनदा. "दाजी..." एवढंच बोलला. मग आपण नवरीचे बाप आहोत, आजूबाजूला व्याही उभे आहेत, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो घसा खाकरून मोठ्याने म्हणाला, "बोट बराबर हाय दाजी, टायमावर आले. पन रंग द्यायचा राह्यला व्हय? निळा मारला आस्ता, दोन मोर काढले आस्ते, तर आजून खुलली आस्ती!"

मच्छिंद्रला ठसका लागला. मल्हारीने मान खाली घातली. लग्नाला तीस वर्षं झाली, पण माहेरच्या उंबऱ्यात पाय पडला की साखराबाई भावाच्या बाजूने उभ्या राहत आणि नवऱ्याच्या चुका भावाइतक्याच हौसेने सांगत. आताही त्या पदर सावरत बोटीतून उतरल्या आणि भावापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"बिभीषणा, तुला त्यातलं काय कळतंय रे?" त्या अख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ह्यांनी मुद्दाम दिला न्हाई रंग. आन् खबरदार, हात लावशील तिला! डाग पडतील."

घाटावरचे सगळे बोटीकडे बघत होते. मल्हारी तेवढा आ वासून बायकोकडे बघत राहिला. हातातलं वल्हं सुटून पार बंधाऱ्याच्या दिशेने निघालं, तरी त्याला पत्ता नव्हता.