वालाची थैली

वाळू सगळ्यांत आधी बाद झाली.

देवराम पष्टे अंगणात पालथा पडला होता. पुढ्यात जुन्या खाकी पँटीचा एक पाय कापून शिवलेली थैली, थैलीवर मुसळ आणि मुसळाचे मागचे टोक त्याच्या उजव्या खांद्याला. खरी रायफल ड्युटी संपली की जमा करावी लागे, म्हणून सरावाला मुसळ. डावा डोळा मिटून त्याने गोठ्याच्या कडीवर नेम धरला होता.

"दगडावर ठेवल्यागत वाटतंय गो," तो म्हणाला. "जरा श्वास घेतला का उडतंय."

"मंग नका घेऊ श्वास," त्याची बायको जनी म्हणाली. तिला त्याच मुसळाने मिरच्या कांडायच्या होत्या.

देवराम भातसानगरला धरणावर पहारेकरी होता. दरवर्षी एप्रिलमध्ये खाणीपलीकडच्या माळावर पहारेकऱ्यांची चांदमारी होई. पाच गोळ्या मारायच्या, त्यांतल्या तीन निशाणाला लागल्या पाहिजेत. गेल्या वर्षी देवरामची एकही लागली नव्हती. चार गोळ्या मागच्या टेकडीत सापडल्या. पाचवी कुठे गेली हे अजून कोणाला कळलेले नाही. या वर्षीही तसेच झाले तर रायफल काढून घेणार आणि विश्रामगृहाच्या बागेला पाणी घालायला पाठवणार, असे त्याला स्पष्ट सांगण्यात आले होते.

बागेला पाणी घालण्यात कमीपणा नव्हता. पण गावात त्याला 'रायफलवाले' म्हणत, आणि धसईच्या अनंता घोलपांनी मुलासाठी त्याच्या लेकीला, सरिताला मागणी घालताना मध्यस्थाला पहिला प्रश्न "रायफलवाल्यांचीच ना?" असाच केला होता. घोलप मंडळी रविवारी जेवायला येणार होती. चांदमारी सोमवारी होती.

हात कापतो तो टेकू पक्का नसल्यामुळे, असे देवरामचे मत होते. रायफलखाली थैली ठेवायला परवानगी होती. ती ज्याची त्याने आणायची, अशी जुनी रीत. तेव्हा थैलीत काय भरायचे, एवढाच प्रश्न उरला होता.

"दादा, वाळूच भर," त्याचा चुलतभाऊ साईनाथ कुंपणापलीकडून म्हणाला. तोही धरणावरच होता आणि त्याच्या पाचच्या पाच गोळ्या लागत. "माझ्या थैलीत वाळूच हाय."

"तुझी वाळू येगळी."

"एकाच नदीची हाय रे!"

बुधवारी देवरामने गिरणीतून भाताचे तूस आणून भरले. तूस हलके होते, पण श्वासागणिक करकर वाजे आणि मुसळ हळूहळू खाली बसत जाई. कडीवर धरलेला नेम थोड्या वेळाने शेणाच्या पाटीवर आलेला असे. गुरुवारी वाडीवरच्या तानीने सावरीचा कापूस आणून दिला. तो भरून देवराम पालथा पडला. बराच वेळ तो हलला नाही, तेव्हा जनीला वाटले, या वेळी जमले. जवळ जाऊन बघते तर थैलीवर गाल टेकून तो घोरत होता.

"काय गो, भावजींना बरं नाय काय?" रस्त्यावरून जाणाऱ्या बारकीने विचारले. गेले तीन दिवस ती देवरामला पालथाच बघत होती.

"नेम धरतायत," जनी म्हणाली.

शुक्रवारी दुपारी देवरामला वाल सुचले. माळ्यावरच्या मडक्यात किडू नयेत म्हणून राखेत घोळून ठेवलेले दोन पायली वाल होते. त्याने ते सगळे थैलीत ओतले. थैली मुसळाभोवती अशी बसली, की जणू मुसळ तिथेच उगवले होते. तो खोकला, कुशीवर झाला, मुद्दाम शिंकला. मुसळ हलले नाही.

"जने! सापडलं!"

"ते बियाणाचे हायत."

"सोमवारी सांजच्याला परत. एक दाणा कमी नाय व्हनार."

जनीने रिकामे मडके उचलून आत ठेवले. देवरामने याचा अर्थ तिला पटले असा घेतला आणि तो रात्रपाळीला निघून गेला.

शनिवारी सकाळी परतल्यावर त्याने पुन्हा थैलीवर मुसळ ठेवून पाहिले. आज थैली कालच्यापेक्षाही सरस वाटली. खाली घट्ट, वर मऊ.

"वाल रातभर बसले ना," तो साईनाथला म्हणाला. "धान्य असंच असतं. त्याला टाइम द्यावा लागतो."

रविवारी घोलप मंडळी आली. जनीने भात, भाकरी, पापड आणि वालाचे बिरडे केले होते. अनंता घोलपांनी दोनदा मागून घेतले. देवरामने तीनदा घेतले. बिरडे मऊसूत झाले होते. राखेतल्या वालाची चव काही वेगळीच, असे तो स्वतःच पाहुण्यांना म्हणाला. वाल कुठून आले हे विचारण्याची त्या घरातल्या पुरुषांना सवय नव्हती.

"मंग उद्या चांदमारी म्हनं?" घोलप हात धुताना म्हणाले. "आमाला सांगा काय झालं ते. मंगच सुपारी फोडू."

ते हसत म्हणाले; पण देवरामला रात्री झोप लागली नाही. त्याने उठून उरलेले बिरडे थोडे खाल्ले. सकाळी जे राहिले होते तेही भाकरीबरोबर संपवले आणि थैली सायकलला बांधून तो निघाला.

या वर्षी साहेब नवे होते, वर्ध्याकडचे. त्यांना प्रत्येक गोष्टीची नोंद हवी असे. त्यांनी वहीत 'थैलीतील भरण' असा एक रकाना आखला होता.

"वाळू," साईनाथ म्हणाला. साहेबांनी लिहिले.

"वाल, साहेब," देवराम म्हणाला.

साहेबांनी वर पाहिले. मग लिहिले.

देवराम पालथा झाला. पहिली गोळी सुटली. लांब, निशाणाखालच्या खड्ड्यात बसलेल्या माणसाने झेंडा हलवला: लागली. थैलीतून राखेचा लहानसा ढग उडाला आणि देवरामच्या मिशा पांढऱ्या झाल्या. दुसरी गोळी. पुन्हा झेंडा, पुन्हा ढग.

"थांब," साहेब म्हणाले. "हा धूर कसला?"

"राख हाय साहेब. वाल राखेत घोळलेले हायत."

"बघू."

थैलीचे तोंड सोडले गेले. वरून सावरीचा कापूस निघाला. त्याच्याखाली तूस. त्याच्याखाली वाळू. साहेबांनी तळापर्यंत हात घातला आणि मुठीत आलेले सगळे देवरामपुढे धरले.

"हे वाल?"

देवरामने त्या मुठीत बोट घालून पाहिले.

"साहेब," तो म्हणाला, "शुक्रवारी व्हते."

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसले. साहेब हसले नाहीत. "बांध ती. उरलेल्या तीन मार."

थैली तीच होती, भरणही तेच. पण आता ती वालाची नव्हती. देवरामचा हात कापू लागला. तिसरी गोळी टेकडीत गेली. चौथी कुठे गेली ते खड्ड्यातल्या माणसालाही सांगता आले नाही. त्याने नुसतेच डोके वर काढून पाहिले आणि घाईने खाली घेतले.

एकच गोळी उरली. देवरामच्या डोळ्यांपुढे विश्रामगृहाची बाग आली, तिथली रबरी नळी आली, सुपारी हातात घेऊन थांबलेले घोलप आले. आणि या सगळ्याच्या मागे एकच प्रश्न घुमत होता: वाल गेले कुठे?

तेवढ्यात त्याचे पोट गुरगुरले. चांगले ऐकू जाईल असे.

"दादा, काय खाल्लंस रं?" साईनाथ शेजारून कुजबुजला.

"वालाचं बिरडं," म्हणत देवराम हळू आवाजात मोजू लागला. काल दुपारी तीन वाट्या. रात्री उठून एक. सकाळी भाकरीबरोबर उरलेले. वालांचा सगळा प्रवास त्याला एकदम दिसला. म्हणजे ते कुठेही गेले नव्हते. थैलीतून हातभर मागे सरकले होते, इतकेच.

त्याने पोट जमिनीवर नीट टेकवले. इतके जड, इतके पक्के त्याला आयुष्यात कधी वाटले नव्हते. कोणी ढकलले असते तरी तो हलला नसता. हात कापायचा थांबला. त्याने श्वास घेतला, अर्धा सोडला आणि चाप ओढला.

झेंडा हलला. एकदा हलून थांबला नाही, हलतच राहिला. गोळी मधोमध बसली होती.

"तीन. पास," साहेब म्हणाले. मग त्यांनी वहीतल्या रकान्यावर पेन टेकवले. "आता इथे काय लिहायचं?"

"वालच राहू द्या साहेब," साईनाथ म्हणाला. "वालावरच मारली त्यानं. फकस्त जागा बदलली."

साईनाथने सगळे समजावून सांगितले. साहेबांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "बिरडं म्हणजे काय?" नोंद अपुरी राहू नये म्हणून त्यांनी पुढच्या रविवारी देवरामकडे जेवायला यायचे ठरवले.

संध्याकाळी देवराम घरी आला, तेव्हा जनी ओट्यावर मिरच्या कांडत होती.

"थैलीत वाल नव्हते," तो म्हणाला.

"ठावं हाय."

"मंग बोलली का नाय?"

"तुमी इचारलं का? शुक्रवारी रातीच काढले. पावन्यांपुरते भिजत घातले, बाकीचे मडक्यात. बियाणाचे वाल काय गोळ्या मारायला देनार व्हते मी? अंगनात तुमचं सगळं पडलंच व्हतं, वाळू, तूस, कापूस. भरलं." मुसळ खाली ठेवून तिने त्याच्याकडे पाहिले. "लागल्या किती?"

"तीन."

"सरिता गो," जनीने घरात हाक मारली, "धसईला निरोप धाड."

सुपारी त्याच आठवड्यात फुटली. लग्न मे महिन्यात झाले. पुढच्या वर्षी चांदमारीची तारीख लागली, तेव्हा जनीने खाकी थैली खुंटीवरून काढून झटकली आणि विचारले, "औंदा काय भरू?"

देवराम ओट्यावर निवांत बसला होता.

"काय पन भर," तो म्हणाला. "वाल तेवढे भिजत घाल."