बब्रुवान मिस्त्रींचा बर्फ

आमच्या धाराशिवात नळाला पाणी यायची मारामार. अशा गावात उठता-बसता बर्फाची भीती घालणारा माणूस नेमका माझ्याच शेजारी राहावा, हे माझं नशीब.

बब्रुवान मिस्त्री गावाबाहेरच्या धावपट्टीवर शिकाऊ विमानांची इंजिनं दुरुस्त करायचे. आता निवृत्त आहेत. पण विमान डोक्यावरून गेलं की हातातला घास ताटात ठेवून अंगणात येतात आणि आवाज विरेपर्यंत मान वर करून उभे राहतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. जुन्या स्कूटरला किका मारून मी घायकुतीला आलो, की हे कुंपणावरून म्हणणार, "बर्फ धरलाय, गुरुजी."

"मिस्त्री, घाम सुटलाय मला."

"तेच तर. असल्या दमट हवेतच धरतो. कार्बोरेटरमधी पेट्रोलची वाफ व्हते, हवा गार पडते, तिच्यातलं पाणी गोठतं. इंजिनाचा गळाच आवळला म्हणा. विमानात गरम हवेचा नॉब असतो, त्यो ओढला की बर्फ वितळला."

एका लग्नात नवरदेव उखाण्यात अडखळला, तेव्हाही मागून "बर्फ धरलाय" ऐकू आलं. खरं सांगतो, कान किटले होते.

परवा मी चिडलोच. "मिस्त्री, तो बर्फ कधी डोळ्यांनी बघितलाय का?"

"न्हाय." ते पायरीवर बसले. "एक पोरगी शिकायला व्हती. म्हणली, मिस्त्री, नॉब लई घट्ट हाय. म्या हसलो. म्हणलं, ताई, धाराशिवात कसला बर्फ? जावा बिनघोर. वर इंजिन बसलं. तिनं सोयाबीनच्या रानात विमान उतरवलं, जीव वाचला. आमी जाईस्तोवर बर्फाचं पाणी झालं व्हतं. चौकशीला साहेब यायच्या आत म्या नॉबला तेल सोडलं. साहेबांनी ओढला, लोण्यावाणी सरकला. पोरगी खोटी पडली. शिकणं सोडून गेली. माझी नोकरी राहिली."

चिडल्याची लाज वाटली.

ते म्हणाले, "तिच्या घरचा पत्ता हाय माझ्याकडं. कैकदा लिहायला बसलो, हात चालत न्हाय. एक कागद लिहून देता का?"

मी वही आणली. "काय लिहू?"

"लिहा, ताई, तुमची चूक नव्हती. नॉब घट्टच व्हता." त्यांनी वहीकडे बोट केलं. "आन् तेल म्या सोडलं, हेबी लिहा. खाली नाव पुरं घाला माझं, वडिलांच्या नावासकट."