महाजन मास्तरांचं संशोधन

महाजन मास्तर प्रत्येक गोष्ट तीनदा बोलत. "नमस्कार, नमस्कार, नमस्कार," म्हणतच ते शिक्षकांच्या खोलीत शिरत. वाक्य लांब असेल तर त्यातलं महत्त्वाचं तेवढं तीनदा. एकदा केळीवाल्याला त्यांनी "अर्धा डझन" असं तीनदा सांगितलं आणि त्याने दीड डझन केळी पिशवीत भरली. मास्तर ती शांतपणे घरी घेऊन गेले. "चूक त्याची नाही, नाही, नाही," मला म्हणाले. "निरोप बरोबर पोचला. त्याने बेरीज केली."

तेव्हा राज्यांची नवी आखणी झाली होती. आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि शाळेचा कारभार हळूहळू हिंदीत जाऊ लागला. मी मराठीचा मास्तर. माझे तास कमी होत चालले होते आणि त्याबद्दल अपराधी मलाच वाटे. माझा स्वभावच तसा. गर्दीत कुणी माझा पाय तुडवला तर माफी मी मागतो आणि पाय तिथं ठेवायला नको होता, अशी चुटपुट दिवसभर लागून राहते. महाजन मास्तर नेमके उलटे. त्यांना स्वतःबद्दल कधी शंका येत नसे.

ते गणित शिकवत. इंदूरला असलेला त्यांचा भाचा गणिताची इंग्रजी मासिकं वाचून झाली की त्यांना पाठवी. आमच्यापैकी कुणी गणकयंत्र पाहिलेलं नव्हतं, पण मास्तर घरच्या जावयाबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलत.

"ताजं संशोधन सांगतो," ते म्हणत. "तारेतून आकडे पाठवले की वाटेत एखादा बिघडतो. यंत्राला कसं कळणार? तर प्रत्येक आकडा तीनदा पाठवा. दोन सारखे आले, एक वेगळा आला, की वेगळ्याला हाकला. चूक आपोआप दुरुस्त."

"पण मास्तर, मी काय तार आहे?"

"माणूस तारेपेक्षा वाईट, वाईट, वाईट. तार निदान पदरचं काही घालत नाही."

त्यांच्या पत्नी वत्सलाबाई आमच्याच शाळेत खालच्या वर्गांना शिकवत. सकाळी दोघं बरोबर येत. मास्तर एक पाऊल पुढे असत, पण बोलायचं झालं की दर वेळी थांबून, पूर्ण वळून बोलत. रस्त्यातल्या सायकली त्यांना चुकवून जात.

हेडमास्तर शुक्लाजी मात्र वैतागले होते. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. "जोशीजी, हे महाजनजी काय करून राहिले? एक प्रमेय आहे, ते तीनदा सिद्ध करतात. कोर्स पुरा कधी होणार? पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टर साहेब येतायत. त्यांनी खराब लिहिलं तर महाजनजींची बदली सरळ खकनारला. बाई इथं, हे तिथं. समजवा त्यांना."

मी मास्तरांना विनवलं, "एक दिवस, फक्त एक दिवस, एकदाच बोला."

"बघतो, बघतो, बघतो," मास्तर म्हणाले.

इन्स्पेक्टर आले. त्यांनी वर्गाला नवाचा वर्ग विचारला. सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "एक्याऐंशी, एक्याऐंशी, एक्याऐंशी." साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी त्यांना अख्खं संशोधन ऐकवलं. साहेब निघाले गणिताचेच. ते हसले.

"लेकिन मास्टरजी, आगे तो यह भी निकला है कि तीन-तीन बार भेजना फिजूल है. थोड़े-से अंक ऊपर से जोड़ दो, गलती वैसे ही पकड़ में आ जाती है. आपने पढ़ा नहीं?"

"पढ़ा है, पढ़ा है, पढ़ा है."

"फिर?"

तीनदा सोडा, मास्तरांनी एकदाही उत्तर दिलं नाही.

साहेब शेरा लिहून गेले: "शिक्षण-पद्धति में संशोधन आवश्यक." शुक्लाजींनी तो कागद माझ्या हातात दिला. "दाखवा त्यांना. सुधारले तर ठीक, नाही तर खकनार."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मास्तरांनी शेरा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाहिलंत जोशी? संशोधन आवश्यक, आवश्यक, आवश्यक. सरकार लिहून देतंय."

हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ते सांगण्याचं काम माझ्यावर आलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते शेजाऱ्यांना शेरा दाखवायला बाहेर पळाले.

वत्सलाबाई चुलीपाशी माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. "वहिनी, चहा नको," मी म्हणालो. मग जरा मोठ्याने म्हणालो. त्यांनी हसतमुखाने भरलेला कप आणून माझ्यापुढे ठेवला आणि पुन्हा चुलीकडे वळल्या.

मास्तर परत आले. दारातूनच बाईंच्या पाठीकडे पाहत म्हणाले, "जोशींना पोहे कर, पोहे कर, पोहे कर." पहिल्यांदा बाई हलल्या नाहीत. दुसऱ्यांदा मान किंचित कलली. तिसऱ्यांदा त्यांनी पोह्यांचा डबा काढला.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे.

"एकट्या तिच्याशीच असं बोललो असतो, तर गावाला कळलं असतं," ते हळूच म्हणाले. "आणि मला कळलंय, हे तिलाही."

हे त्यांनी एकदाच म्हटलं.

मी पोहे खाल्ले आणि हिंदी न शिकवताच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी शुक्लाजींना सांगितलं, "साहेबांनी संशोधन करायला सांगितलंय. महाजन मास्तर संशोधन करतायत."

शुक्लाजींचा जन्म बुऱ्हाणपुरातला. त्या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांना पाठ होते.

"जोशीजी, तुम्ही तर सच्चे आदमी होते."

"खोटं काय बोललो?"

"तीच तर पंचाईत आहे," म्हणत त्यांनी दौत पुढे ओढली आणि शेऱ्याखाली लिहिलं: "संशोधन जारी है." कागद वर गेला. वरून पुन्हा कुणी काही विचारलं नाही. मला मात्र त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदाच, अपराधी वाटलं नाही. मग असं कसं वाटलं नाही, याची चुटपुट लागली.

मधल्या सुट्टीत वत्सलाबाई व्हरांड्यात समोर आल्या. मी बाक पुढे सरकवला. "बसा वहिनी, बसा, बसा."

त्या हसल्या. "भाऊजी, तुम्हीपण?"

मी बाक उगीचच आणखी पुढे सरकवला.

"माणूस समोर असला की ओठांवरून पहिल्यांदाच कळतं मला," त्या म्हणाल्या. "तरी त्यांचं तिसऱ्यांदा म्हणून होईस्तोवर थांबते. त्यांना वाटतं, माझे कान गेल्याचं त्यांनी माझ्यापासूनच लपवलंय. केवढी मेहनत घेतात हो."

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून मास्तर येत होते. वत्सलाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि पुटपुटल्या,

"सांगू नका, सांगू नका, सांगू नका."