शून्यांना जागा नव्हती

जहाजांच्या संग्रहालयात पाट्या रंगवणाऱ्यांना सगळे पाटीवाले म्हणत. त्यांची बायको त्याच गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला बसून जुनी शिडं शिवत असे. त्या सकाळी पाटीवाल्यांनी साहेबांच्या देखत "टाके अंमळ वाकडेच आलेत" असं म्हणण्याचा पराक्रम केला. बायको साहेबांसमोर काही बोलली नाही. साहेबांची पाठ वळली आणि बोलली.

"मी शिवते ते वाऱ्यापुढे टिकायला. तुम्ही रंगवता ते धूळ बसायला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत इथे येऊन माफी मागा, नाहीतर मागच्या दाराने मी निघाले ताईकडे. कायमची!"

माफी मागायचीच होती. फक्त हातातलं काम तेवढं उरकून. जगातल्या निम्म्या माफ्या अशाच राहून गेल्या आहेत.

हातातलं काम साहेबांनी दिलेलं होतं. साहेब मूळचे तारांगणातले. काटकसरीत तारांगण आणि संग्रहालय एकत्र झालं, तेव्हा ते खुर्चीसकट इकडे आले.

"वीस वाव म्हणजे काय हो?" गॅलरीच्या लांबीची पाटी वाचून त्यांनी विचारलं होतं.

"दोन्ही हात पसरले की एक वाव, साहेब. खलाशी दोर तसाच मोजायचे."

"हात? कुणाचे हात? शास्त्र आहे की कवायत? यापुढे सगळी अंतरं पृथ्वी ते सूर्य या मापात लिहायची!"

साहेबांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, त्यामुळे पाटीवाल्यांनी वाद घातला नाही. हिशेब केला. वीस वावांचं सूर्याच्या मापात रूपांतर केलं, तर दशांशचिन्हापुढे नऊ शून्यं आणि मग कुठे दोन, चार, पाच. पाटी वीतभर. शून्यं मावेनात.

"शून्याला कुठे किंमत असते!" असं म्हणून पाटीवाल्यांनी नऊच्या नऊ गाळली आणि पाटी ठोकली.

शेवटचा खिळा बसला आणि बायकोच्या शिवणयंत्राचा खडखडाट थांबला. पाय मात्र यंत्रावर हलताना दिसत होते. गॅलरीत एकदम गारठा आला.

"सुरेख!" साहेब पाटी पाहून म्हणाले आणि पलीकडे निघाले. चालता चालता बोटाएवढे झाले, मग मुंगीएवढे. मग तेवढेही राहिले नाहीत. गॅलरी होती तेवढीच दिसत होती.

पाटीवाले घाबरून बायकोकडे धावले. दम लागेपर्यंत धावले. ती जवळ येईना. मागे वळून पाहिलं, तर पाटी हाताच्या अंतरावर! त्यांनी ती पुन्हा वाचली. पाटीप्रमाणे बायको आता सूर्याच्या वाटेवर जवळजवळ पाव रस्ता पुढे होती. तिथे जायला उजेडालाच दोन मिनिटं लागतात. पाटीवाले तर पायी होते.

गॅलरीत इंटरकॉम होता. पाटीवाल्यांकडे एक, मधल्या खांबावर एक, बायकोकडे एक, आणि तिघांत मिळून लाइन एकच. त्यांनी रिसीव्हर उचलला.

"अगं, मी बोलतोय. जरा अडकलोय. यायला उशीर होईल."

उत्तर नाही. मिनिटभर वाट पाहून त्यांनी मान तुकवली. "चुकलं माझं. टाके सरळच आहेत. माझी नजर वाकडी."

पलीकडे बायको खाली मान घालून बसलेली. बऱ्याच वेळाने तिने रिसीव्हर उचलल्याचं दिसलं, आणि आवाज आला.

"अडकलात? वीस वावांत? राहू द्या, मला तुमचं तोंडही बघायचं नाही!"

एवढ्या नाकदुऱ्या काढूनही हे! पाटीवाल्यांचं डोकं फिरलं.

"मग राहा तिथेच!" ते ओरडले.

मिनिटभर धुमसून ते रिसीव्हर आपटणार, एवढ्यात तिचा मऊ आवाज आला. "बरं, एवढं म्हणताय तर या. मीही जरा जास्तच बोलले. वाट बघते."

पाटीवाल्यांनी बोटांवर मिनिटं मोजली. आवाजाला जायला दोन, यायला दोन. मघाचं उत्तर उशिराच्या निरोपाला होतं. माफीचं उत्तर हे होतं. आणि त्यांचं "मग राहा तिथेच" आता त्या काळोखातून तिच्या कानाकडे निघालं होतं. तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही म्हणतात. हा अजून पोचलाही नव्हता.

त्यांनी ब्रश उचलला. दशांशचिन्ह आणि पहिला आकडा यांच्या फटीत एक शून्य कोंबलं, दुसरं चौकटीवर काढलं. उरलेली मुगाएवढी करून दशांशचिन्हाच्या डोक्यावर चढवली. प्रत्येक शून्यागणिक समोरची भिंत कण्हत पुढे सरकत होती. नववं शून्य काढलं आणि खुर्ची करकरल्याचा आवाज ऐकू आला. ब्रश फेकून पाटीवाले धावले. या वेळी पोचले, आणि बायकोच्या कानाचा रिसीव्हर ओढून आपल्या कानाला लावला.

"मग राहा तिथेच!" त्यांचाच आवाज कानात कडाडला.

पाटीवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात लाइनवर, फार लांबून, कुणीतरी घसा खाकरला.

"बरं," तो आवाज नम्रपणे म्हणाला. "राहतो."

"कोण होतं हो?" बायकोने विचारलं.

"साहेब."

पाटीवाल्यांनी मागे वळून पाहिलं. गॅलरी वीस वाव, अगदी रिकामी. मधल्या खांबावरचा रिसीव्हर तारेला लोंबकळत हळूहळू झुलत होता.

"काय म्हणतात?"

"राहतो म्हणाले."

बायकोने दोरा दाताने तोडला.

"चला. एकदा तरी ऐकलं कुणाचं."