जंत आले कुठून?

मधुवंती सहा वर्षांची होती आणि गेला आठवडाभर तिला नीट झोप नव्हती. रात्रभर खाजवायची, कूस बदलायची आणि सकाळी शाळेच्या बसमध्ये पेंगायची. तिच्या आईने, मृदुलाने, साबण बदलला, बिस्किटं बंद केली, गोड तर घरातून हद्दपारच केलं. काही फरक पडेना. शेवटी दुपारी मुलीला सांभाळणाऱ्या सुमनताईंनीच सांगितलं.

"ताई, पोरीला जंत झाल्यात. बारीक, सुतावानी. उद्या अंघोळीच्या आधी खाजवते तिथं बघा, दिसतील."

मृदुलाला रागच आला. पिंपळे सौदागरमध्ये बाराव्या मजल्यावर, फिल्टरचं पाणी पिणाऱ्या घरात जंत? पण सकाळी तिने पाहिलं, आणि ते होते. पांढरे, वळवळणारे, अगदी सुतावानी.

तिचा नवरा नंदकिशोर चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर होता. तिथली रीत अशी, की खराब पार्ट निघाला की आधी तो कुठल्या व्हेंडरकडून आला ते शोधायचं, त्या व्हेंडरचा माल थांबवायचा आणि मग सावकाश पार्टकडे बघायचं. घरीही त्याने तेच केलं. औषधाचं नंतर बघू म्हणाला आणि एका कागदावर पाच वेळा 'का?' लिहिलं. पाचव्या 'का'चं उत्तर आलं: सुमनताई. त्या मुलीला हाताने भरवतात आणि दापोडीच्या गल्लीत राहतात. मधुवंतीच्या वर्गातली चाळीस मुलं त्या कागदावर आलीच नाहीत.

"सुमनताई, थोडे दिवस येऊ नका," तो म्हणाला.

"मी काय केलं, दादा?"

"तसं नाही हो. प्रोसिजर असते."

सुमनताईंनी पिशवी उचलली आणि त्या गेल्या.

इथे थांबला असता तर गोष्ट घरातच राहिली असती. पण कंपनीत दोष सापडला की सगळ्या लाइनला कळवावं लागतं. त्याने बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं, 'लहान मुलं असलेल्यांनी घरकामाच्या बायकांच्या स्वच्छतेकडे लक्ष द्यावं.' नाव घातलं नव्हतं. सोसायटीचे अध्यक्ष दादासाहेब यांनी लगेच पसंतीचा अंगठा टाकला, मागोमाग आणखी सतरा अंगठे आले. कोणाची बाई बंद झाली हे लिफ्टमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत सुमनताईंची त्याच बिल्डिंगमधली उरलेली तीन घरंही सुटली. बारा वर्षं राखलेलं नाव एका दुपारीत गेलं.

मधुवंतीला घेऊन दोघं दवाखान्यात गेली, तेव्हा डॉक्टर विजयश्रींनी नंदकिशोरचा कागद शांतपणे वाचला.

"गोळी कधी दिलीत?"

"अजून नाही. आधी सोर्स..."

"अहो, कसला सोर्स! पोरं खाजवतात, अंडी नखांत जातात, तीच बोटं तोंडात जातात. शाळा, चादर, खेळणी, कुठूनही येतात. गोड खाण्याचा संबंध नाही आणि गरीब-श्रीमंत तर अजिबात नाही. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्या, दोन आठवड्यांनी पुन्हा. नखं कापा, सकाळी अंघोळ, चादरी गरम पाण्यात."

"सगळ्यांनी? मला तर काहीच त्रास नाही."

"मोठ्यांना पुष्कळदा नसतो. हवं तर सकाळी उठल्या उठल्या चिकटपट्टी त्या जागी लावा, काचेवर चिकटवा आणि आणून द्या."

दुसऱ्या दिवशी पहाटे क्वालिटी मॅनेजर बाथरूममध्ये पारदर्शक चिकटपट्टीशी झगडत होता. आयुष्यात त्याने हजारो नमुने घेतले होते, पण असा एकही नाही. पट्टी एकदा बोटाला चिकटली, एकदा नळाला. अखेर त्याच्या आणि मृदुलाच्या नावाच्या दोन काचा दवाखान्यात पोचल्या.

"मृदुलाताई, तुमच्यात काही दिसत नाही," मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता डॉक्टर म्हणाल्या. "नंदकिशोर, तुमच्यात अंडी आहेत. भरपूर."

"म्हणजे मधुला माझ्याकडून..."

"किंवा तुम्हाला तिच्याकडून. ते आता देवसुद्धा सांगणार नाही."

मृदुलाने नुसतं नवऱ्याकडे पाहिलं. नंदकिशोरला मनापासून लाज वाटली. जंतांची नव्हे, त्या कागदाची. सगळ्यांनी गोळ्या घेतल्या आणि तो तडक दापोडीला गेला. सुमनताई दारात मेथी निवडत बसल्या होत्या.

"चुकलो, सुमनताई. उद्यापासून या."

"मला हितं सांगून काय उपेग? जिथं लिवलं तिथंच लिवा."

"ग्रुपवर? माझ्या नावानिशी?"

"माझं नाव न घालता माझी चार घरं गेली, दादा."

रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने चार वेळा लिहिलं, चार वेळा पुसलं. पाचव्यांदा पाठवलं: 'जंत आमच्या घरात होते. मुलीला आणि मलाही. सुमनताईंचा काही दोष नाही, उलट त्यांनीच ते ओळखले. चूक माझी.'

ग्रुपवर एकही अंगठा आला नाही. मग फोन वाजू लागला, एकेक खासगी निरोप. पहिला दादासाहेबांचा: 'गोळीचं नाव कळवा. नातवासाठी विचारतोय.' रात्रीच्या जेवणापर्यंत असे अकरा आले. त्यांतल्या चौघांनी 'एका मित्रासाठी' विचारलं होतं. तिन्ही घरांनी सुमनताईंना परत बोलावलं.

नंदकिशोरने उत्साहाने फोन लावला. "मग उद्या येताय ना? मधु वाट बघतेय."

"त्या तीन घरी उद्यापास्नं जाते. तुमच्याकडं दुसरी गोळी झाल्यावर."

"अहो, पण पंधरा दिवस?"

"माझ्या घरी बारका नातू हाय, दादा."

दुसऱ्या दिवशी नंदकिशोरने कंपनीत पंधरा दिवस अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला, आणि कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहिलं.