उंबरठ्याची उंची

"एका सकाळीत हा हप्ता निम्म्यावर आणून दाखवतो! नाही आणला, तर माझं लेव्हलचं यंत्र भंगारात घाला!"

ही प्रतिज्ञा लेव्हलकाकांनी घराच्या वरच्या पायरीवर उभं राहून, विमा कंपनीचं पत्र हवेत नाचवत, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात केली. बंदराच्या नकाशाखात्यात छत्तीस वर्षं त्यांनी जमिनीची उंची मोजली होती. भिंतीवरची तसबीर केसभर तिरकी असली, तरी त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. अशा माणसाने एवढं भडकावं असाच पत्रातला आकडा होता. समुद्रकाठच्या घरांसाठी पुराचा विमा यंदा थेट तिप्पट झाला होता!

"अहो, एवढ्यात दरवर्षी एक होडी येईल," काकू चष्मा पुसत म्हणाल्या. "पूर आला की बसू तिच्यात!"

मुलाचा फोन आलाच. "बाबा, विमा परवडत नाही आणि विम्याशिवाय तिथे राहण्यात अर्थ नाही. घर विका आणि इकडे या."

"तुमच्याकडे समुद्र आहे का रे?" काकूंनी विचारलं.

"समुद्र कुठून असणार, आई?"

"मग राहू दे."

"मग निदान ती गाडी तरी काढून टाका! खर्च वाचेल."

"गाडीचं नाव काढायचं नाही!" काका कडाडले. बावीस वर्षांची ती गाडी ते रोज सकाळी इतक्या निष्ठेने पुसत, की तिच्यावर रंगापेक्षा पुसण्याचाच थर जास्त बसला होता.

काकांचा तर्क चोख होता. हप्ता ठरतो तो घराचा उंबरठा समुद्रसपाटीपासून किती उंच आहे यावर. कंपनीने आकाशातून काढलेल्या फोटोंवरून ही उंची तीन मीटर ऐंशी सेंटिमीटर धरली होती. ती चार मीटरच्या वर गेली, तर हप्ता निम्मा. मोजणीचा दाखला शुक्रवारपर्यंत जोडायचा होता.

"आकाशातून उंबरठा मोजतात!" काका म्हणाले. "उद्या चंद्रावरून माझ्या बुटाचं माप घेतील!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणीचं ते लेव्हलचं यंत्र तिवईवर चढलं. बंदराच्या कचेरीच्या पायरीवर पितळेची एक खूण बसवलेली आहे. तिची उंची सरकारदप्तरी नोंदलेली आहे. तिथून निघायचं, टप्प्याटप्प्याने घराच्या उंबरठ्यापर्यंत यायचं आणि मोजत मोजत पुन्हा त्याच खुणेवर जाऊन पोचायचं, असा बेत होता. आकडे आणि खुणा असलेली पट्टी उभी धरण्याचं काम काकूंकडे होतं. लोखंडी टाचेची ती पट्टी काकूंच्या दुपटीहून उंच होती.

"अगं, सरळ धर!"

"मी सरळच आहे! तुमचं यंत्र वाकडं असेल!"

"डावीकडे झुकलीय!"

"लग्न झाल्यापासून सगळं डावीकडेच झुकलंय!"

दुपारी ते पुन्हा पितळी खुणेवर पोचले. काकांनी बेरीज-वजाबाकी केली आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा केली. सव्वा किलोमीटर जाऊन परत येण्यात फरक पडला होता अवघा दोन मिलिमीटरचा! आणि उंबरठ्याची उंची होती चार मीटर बारा सेंटिमीटर!

बातमी गल्लीभर पसरली. कोपऱ्यावरचे पाववाले भट्टी सोडून धावत आले. निवृत्त परिचारिका, जिला सगळे सिस्टर म्हणत, ती यंत्राकडे अशी पाहत राहिली जणू त्यातून काकांनी तिची नाडी पाहिली असावी. पुढच्या दोन दिवसांत काकांनी आपल्या उंबरठ्यापासून मोजत गल्लीतली सगळी अकरा घरं सही-शिक्क्यानिशी कागदावर आणली. एकही घर चार मीटरच्या खाली नव्हतं!

कंपनीचं उत्तर आलं. एवढी उंच गल्ली पाहून कंपनीला आनंद झाला होता. मात्र खात्रीसाठी तपासनीस येणार होत्या.

"येऊ देत!" काका म्हणाले. "आणि येत्या पौर्णिमेलाच येऊ देत! वर्षातली सगळ्यात मोठी भरती आहे. समुद्राकडूनच साक्ष काढतो!"

त्यांनी भरतीचं कोष्टक उघडलं, आपल्या मोजणीशी ताडून पाहिलं आणि फाटकाच्या खांबाच्या तळाशी लाल रंगाने एक रेघ मारली. "पाणी इथपर्यंत येईल. अंगणात थेंब येणार नाही."

त्या सकाळी अकरा घरांतली माणसं काकांच्या पायऱ्यांवर आणि ओट्यावर दाटीवाटीने उभी होती. गाडी पुसून अंगणात ठेवलेली होती. तपासनीस बाई आल्या त्या गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून.

"बूट कशाला, बाई?" काका हसले.

"सवय आहे," त्या म्हणाल्या.

साडेदहाला पाणी आलं. लाट नव्हती की गर्जना नव्हती. रस्ता कोरडा होता आणि मग नव्हता, एवढंच. वाऱ्याचा मागमूस नसताना ते राखाडी पाणी स्वतःच्याच घरात शिरावं तसं गल्लीत शिरलं. खांबापाशी येऊन लाल रेघेला टेकलं.

"बघा!" काका गरजले. टाळ्या पडल्या.

पाणी टाळ्यांसाठी थांबलं नाही. रेघ बुडाली. फाटकाखालून अंगण भरू लागलं. पहिली पायरी गेली. लोक एकेक पायरी वर सरकले. पाववाले कुजबुजले, "काका, अजून किती?" काका भरतीच्या कोष्टकाची पानं उलटू लागले. गाडीची चाकं बुडाली, मग दारांच्या फटींतून पाणी आत गेलं, आणि आत रेडिओ आपोआप सुरू होऊन आपोआप बंद पडला. दुसरी पायरी गेली. सिस्टरने नकळत काकूंचा हात धरला होता. एवढं अवाढव्य काहीतरी इतक्या शांतपणे दाराशी येऊन उभं राहू शकतं, हे छत्तीस वर्षं त्याच्यापासूनच उंची मोजणाऱ्या काकांना त्या दिवशी प्रथमच कळलं.

उंबरठ्याच्या चार बोटं खाली पाणी थांबलं. आरशासारखं. त्यात अकरा घरांची तोंडं दिसत होती, सगळी उघडी.

मग ते आलं तसंच निघून गेलं.

काकांनी ओल्या भिंतीवरची खूण मोजली. अंदाजापेक्षा पाणी शेहेचाळीस सेंटिमीटर जास्त चढलं होतं. शेहेचाळीस! म्हणजे अठरा इंच. त्यांची नजर सावकाश फिरत काकू बसल्या होत्या त्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर स्थिरावली.

"अगं, उंबरठ्यावर पट्टी धरलीस, ती कशावर टेकवली होतीस?"

"ह्याच्यावर!" काकूंनी स्टुलावर थाप मारली. "नवी फरशी आहे माझी! त्या लोखंडी टाचेने ओरखडा पडला नसता का?"

"पण मला दिसलं कसं नाही?"

"मध्ये कुंपणाची भिंत होती ना! तुम्हाला पट्टीचा वरचा भागच दिसत होता. आणि मी अगदी सरळ धरली होती!"

काका वही काढून चूक शोधत गेले. उंबरठ्याकडे येतानाही पट्टी स्टुलावर होती आणि तिथून परत निघतानाही स्टुलावरच! म्हणून हिशेब दोन मिलिमीटरवर जुळला होता. चूक इतकी निर्दोष होती, की ती कुठल्याच गणितात सापडली नसती.

तपासनीस बाईंनी वहीत लिहिलं, "तीन मीटर सहासष्ट." कंपनीने धरली होती त्याहूनही कमी. हप्ता आणखी वाढणार होता, आणि गल्ली काकांच्याच उंबरठ्यापासून मोजलेली असल्यामुळे अकराही घरांचा!

"बाई, माझी चूक आहे. पण हप्त्याचं काही करता येईल का?" काकांनी हात जोडले.

"हप्ता मी ठरवत नाही, काका," त्या बुटातलं पाणी ओतत म्हणाल्या. "ठरवणारा आत्ताच येऊन गेला."

काका गल्लीची बोलणी खायला तयार झाले. पण झालं भलतंच. आठवडाभर विम्याचा तो महागडा कागद भट्टीत घालण्याच्या गोष्टी करणारे पाववाले, दाराशी आलेलं पाणी पाहिल्यावर, तोच कागद छातीशी धरून विचारत होते, "सही कुठे करायची?"

"आणि आपण?" काका खचून म्हणाले. "आपण कुठून भरणार? घर जाणार आता."

काकूंनी अंगणात पाहिलं. गाडीच्या खिडकीतून एक छोटा मासा बाहेर पाहत होता. "गाडी गेली ना? मग पेट्रोल गेलं, दुरुस्ती गेली, तिचा विमाही गेला. बसतंय की गणित! पायी चाला."

गणित खरोखरच बसलं. भंगारात यंत्राऐवजी गाडी गेली. काकांनी अकराही घरं पुन्हा मोजून दिली, फुकट, आणि या खेपेस पट्टी थेट फरशीवर टेकवून घेतली. आकडा अचूक आला. फरशीवर बोटभर लांब ओरखडाही आला.

काकांनी विम्याचा कागद पुन्हा पुन्हा वाचून पाहिला. ओरखडा त्यात बसत नाही!